सूक्ष्मजीवांचे श्रम आणि माणसाची शिस्त : परळ, माटुंगा आणि दादरचे धडे

जैवतंत्रज्ञान हा शब्द अलीकडच्या काळात सर्वत्र कानी पडू लागला आहे. सूक्ष्मजीवांकडून औषधे, लसी, इंधन व खते तयार करून घेणे, इतकेच नव्हे तर तेलाने किंवा रसायनाने बिघडलेली जमीन त्यांच्याकरवी स्वच्छ करून घेणे, या गोष्टी आता प्रयोगशाळेच्या चार भिंतींत राहिलेल्या नाहीत. शासकीय योजना, नगरपालिकांचे ठराव, ग्रामपंचायतींच्या सभा यांमध्येही त्यांची चर्चा होऊ लागली आहे. ही विद्या परदेशातून नुकतीच आलेली आहे, असा अनेकांचा समज असतो. वस्तुतः मुंबई शहराच्या मध्यभागी, परळ, माटुंगा व दादर या एकमेकांस लागून असलेल्या भागांत, या विद्येचे काही महत्त्वाचे धडे शंभर वर्षांपूर्वीच गिरविले गेले आहेत. त्यांपैकी एक धडा तर एकोणीस माणसांच्या प्राणांचे मोल देऊन मिळालेला आहे. सूक्ष्मजीवांच्या उपयोगाचा निर्णय ज्यांना घ्यावयाचा आहे, त्या अधिकाऱ्यांनी, शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी हे धडे समजून घेणे उपयुक्त ठरेल.

सूक्ष्मजीव म्हणजे कोण?

डोळ्यांना न दिसणारे जिवाणू, बुरशीचे अनेक प्रकार, किण्व आणि काही शेवाळे यांना मिळून सूक्ष्मजीव असे म्हणतात. चमचाभर सुपीक मातीत त्यांची संख्या कोट्यवधींच्या घरात असते. दुधाचे दही होते, इडलीचे पीठ रात्रीतून फुगते, उकिरड्यातील काडीकचऱ्याचे खत होते, ही सारी त्यांचीच कामे होत. घरातील गृहिणी विरजण लावताना दूध कोमट आहे ना, भांडे स्वच्छ आहे ना आणि विरजण चांगले आहे ना, एवढे पाहते. थंडीच्या दिवसांत ती भांडे उबेला ठेवते. योग्य अन्न, योग्य उष्णता, स्वच्छ भांडे आणि निवडक बीज या चार गोष्टींवर सूक्ष्मजीवांचे सर्व उद्योग उभे आहेत. प्राणवायू हवा की नको, ही पाचवी गोष्ट होय. काही सूक्ष्मजीवांना प्राणवायूवाचून जगता येत नाही, तर काहींचे काम प्राणवायूचा स्पर्श होताच थांबते. मोठ्या कारखान्यातील पोलादी टाकी असो वा खेड्यातील गोबर गॅसचे संयंत्र असो, या पाच गोष्टींपैकी एकीकडे दुर्लक्ष झाले की काम बिघडते.

मांसरस आणि तुपाचे थेंब

१८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात गाठीच्या तापाचे रोगी आढळू लागले. डॉ. अकासियो व्हिएगस यांनी हा ताप म्हणजे प्लेग आहे असे निदान केले. पाहता पाहता रोग शहरभर पसरला आणि लोक गाव सोडून जाऊ लागले. त्या वेळी कलकत्त्यात पटकीच्या लसीवर काम करीत असलेले शास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांना शासनाने मुंबईस पाचारण केले. ते ऑक्टोबरच्या आरंभी मुंबईत आले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांना एक खोली आणि तिला लागून असलेला व्हरांडा मिळाला. मदतीस एक कारकून आणि तीन शिपाई एवढाच नोकरवर्ग होता.

प्लेगचे जंतू मोठ्या प्रमाणावर वाढवावयाचे, नंतर ते मारावयाचे आणि मेलेल्या जंतूंची लस टोचून शरीरास रोगाशी झुंजण्यास आधीच सज्ज करावयाचे, अशी हाफकिन यांची योजना होती. यातील पहिले काम म्हणजे जंतूंची भरघोस पैदास करणे. त्यासाठी त्यांनी मांसरस वापरला. गाईचे किंवा डुकराचे मांस वापरल्यास लोकांच्या धार्मिक भावना दुखावतील आणि लस कोणी टोचून घेणार नाही, हे ध्यानात घेऊन बोकडाच्या मांसाचा रस करण्यात आला. पुढे १९३२ मध्ये या संस्थेचे संचालक झालेले साहिबसिंग सोखी आणि त्यांचे सहकारी यांनी मांसाऐवजी दुधातील केसीन या प्रथिनापासून पोषक द्रव तयार करण्याची रीत बसविली. सूक्ष्मजीवांच्या उद्योगात लोकमान्यतेचा विचार पहिल्या दिवसापासून करावा लागतो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

हाफकिन यांनी मांसरसावर तुपाचे थेंब सोडले. हे थेंब पृष्ठभागावर तरंगत आणि त्यांना धरून प्लेगचे जंतू खाली वाढत जात. गुहेच्या छतावरून चुनखडीचे सुळके लोंबावेत तशी ही वाढ रसात लोंबत असे. काही दिवसांनी चंबू हलविला की हे सुळके तुटून तळाशी बसत आणि थेंबाखाली नवे पीक वाढू लागे. अशी पाचसहा पिके घेण्यास पाचसहा आठवडे लागत. त्यानंतर तो द्रव सुमारे ६५ ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून जंतू मारीत आणि थोडे कार्बोलिक आम्ल मिसळीत. तूप, मांसरस आणि काचेचे चंबू यांच्या साहाय्याने एका खोलीत चाललेले हे काम म्हणजे आजच्या भाषेत जैवतांत्रिक उत्पादनच होते.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्यांना ताप आला, टोचल्या जागी वेदना झाल्या. परंतु काही दिवसांत ते बरे झाले. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला असता तेथील स्वेच्छेने पुढे आलेल्या बंद्यांना लस टोचण्यात आली. ज्यांनी लस घेतली त्यांच्यात रोगाचे व मृत्यूचे प्रमाण लस न घेतलेल्यांपेक्षा कमी आढळले. लस घेतलेल्यांची तुलना न घेतलेल्यांशी करावयाची, ही पद्धत येथे विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. तुलनेवाचून गुणकारी आणि निरुपयोगी यांतील भेद कळत नाही.

काम वाढले तशी जागा अपुरी पडू लागली. अखेर १८९९ च्या ऑगस्टमध्ये परळ येथील जुन्या गव्हर्नर निवासात प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. १९०६ मध्ये तिचे नाव मुंबई जिवाणुशास्त्रीय प्रयोगशाळा असे झाले आणि १९२५ मध्ये तिला हाफकिन संस्था हे नाव देण्यात आले. १८९७ ते १९२५ या काळात प्लेगच्या लसीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा मुंबईहून पाठविण्यात आल्या. पुढे उत्पादनाचे काम संशोधनापासून वेगळे करण्यात येऊन १९७० च्या दशकाच्या मध्यास हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळ हा राज्य शासनाचा उपक्रम अस्तित्वात आला. परळच्या गिरणी कामगारांच्या वस्तीत जंतूंना कामाला लावणारा हा एक वेगळाच कारखाना उभा राहिला.

मुल्कोवालचा धडा

या यशाबरोबरच एका दुर्घटनेची हकीकत सांगणे आवश्यक आहे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल या खेड्यात १०७ माणसांना परळहून गेलेली लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जणांना काही दिवसांतच धनुर्वात झाला आणि ते सर्व दगावले. या सर्वांना एकाच बाटलीतील लस टोचण्यात आली होती. अन्य बाटल्यांतील लस घेतलेल्यांस असा अपाय झाला नाही.

मागणी प्रचंड वाढल्यामुळे परळ येथे लस तयार करण्याच्या पद्धतीत बदल करण्यात आला होता. नव्या पद्धतीत कार्बोलिक आम्ल वगळून केवळ उष्णतेवर भिस्त ठेवण्यात आली होती. साहजिकच संशय प्रयोगशाळेवर आला. चौकशी झाली, दोष प्रयोगशाळेकडे देण्यात आला आणि हाफकिन यांस पदावरून दूर व्हावे लागले. परंतु पुराव्याची बारकाईने छाननी केली असता वेगळेच चित्र दिसू लागले. धनुर्वाताचे जंतू बाटलीत आधीपासून वाढत असते तर बाटली उघडताच दुर्गंधी आली असती. तशी दुर्गंधी आली नव्हती. खेड्यात बाटली उघडताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच पुन्हा वापरण्यात आला होता, ही गोष्टही पुढे आली. धनुर्वाताचे जंतू मातीत नित्य वास करतात. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या नामवंत शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये हाफकिन यांची बाजू उचलून धरली आणि त्याच वर्षी त्यांना दोषमुक्त करण्यात आले. ते पुन्हा भारतात आले. मात्र त्यांची नेमणूक कलकत्त्यास झाली. परळच्या प्रयोगशाळेची सूत्रे त्यांच्या हाती पुन्हा आली नाहीत.

या प्रकरणापासून तीन बोध घेता येतात. पहिला बोध असा की, जे सूक्ष्मजीव आपण वाढवितो त्यांच्याबरोबर नको असलेले सूक्ष्मजीवही संधी शोधीत असतात. दुसरा बोध असा की, उत्पादनाची साखळी कारखान्याच्या दारापाशी संपत नाही. शेवटच्या खेड्यातील शेवटच्या कर्मचाऱ्याच्या हातातील चिमटा हाही तिचाच एक दुवा असतो. तिसरा बोध नोंदींचा आहे. कोणती बाटली कोणत्या दिवशी कोणत्या घाण्यातून भरली, कोणास टोचली, तेव्हा काय घडले, या नोंदी होत्या म्हणूनच सत्य अखेरीस बाहेर आले. त्यांच्या अभावी १९ कुटुंबांचे दुःख तर तसेच राहिले असते आणि एका उपयुक्त लसीवरील लोकांचा विश्वास कायमचा उडाला असता.

माटुंगा आणि दादर : मैल्यापासून इंधन

परळपासून थोड्या अंतरावर माटुंगा येथे १८९० मध्ये निराधार महारोग्यांसाठी आश्रम उभारण्यात आला. आज वडाळा येथील अ‍ॅकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय या नावाने ही संस्था ओळखली जाते. येथील मैल्याच्या टाकीवर १८९७ मध्ये गॅस साठविण्याची सोय करण्यात आली आणि त्या गॅसवर इंजिन चालविण्यात आले, अशी नोंद या विषयाच्या इतिहासात आढळते. हाफकिन प्लेगचे जंतू वाढवीत होते त्याच सुमारास काही मैलांच्या आत दुसऱ्या प्रकारचे जिवाणू मैल्यापासून इंधन तयार करीत होते, हा योगायोग मोठा सूचक आहे. समाजाने ज्यांना दूर लोटले त्या रुग्णांच्या आश्रमातून देशास एक उपयुक्त विद्या मिळाली, हेही विसरून चालणार नाही.

पुढे १९३७ च्या सुमारास दादर येथील मैलापाणी शुद्धीकरण केंद्रातील गॅसनिर्मितीकडे तज्ज्ञांचे लक्ष वेधले गेले. त्यानंतर डॉ. एस. व्ही. देसाई यांनी दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत शेणापासून गॅस मिळविण्याचे प्रयोग केले. जशभाई पटेल यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी खेड्यात वापरता येईल असे संयंत्र तयार केले आणि खादी व ग्रामोद्योग आयोगाने पुढील दशकात त्याचा प्रसार हाती घेतला. आज महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत जे गोबर गॅस संयंत्र दिसते त्याचे एक मूळ माटुंगा आणि दादरपर्यंत पोहोचते, असे म्हणावयास हरकत नाही.

या संयंत्राचे कार्य थोडक्यात असे आहे. बंद टाकीत प्राणवायू नसतो. तेथे जिवाणूंचा एक गट शेणातील मोठ्या घटकांचे विघटन करून आम्ले तयार करतो आणि दुसरा गट त्या आम्लांपासून मिथेन हा जळणारा वायू तयार करतो. पहिला गट चिवट असतो, दुसरा नाजूक असतो. टाकीत एकदम जास्त शेण किंवा खरकटे टाकले की पहिला गट भराभर आम्ल तयार करतो, दुसऱ्यास ते पचविता येत नाही आणि संयंत्र आंबून बंद पडते. साबणाचे पाणी, फिनेल किंवा आजारी जनावरास दिलेली प्रतिजैविके टाकीत गेली तरी हाच परिणाम होतो. सुमारे ३० ते ३७ अंश तापमानात गॅस चांगला मिळतो, थंडीत तो कमी होतो. शेण व पाणी समप्रमाणात कालवून रोज ठराविक वेळी ठराविक मात्रेत घालणे, हाच खरा उपाय होय. बंद पडलेल्या अनेक संयंत्रांच्या बाबतीत दोष यंत्राचा नसतो. टाकीत जिवंत प्राणी आहेत आणि त्यांना नियमाने अन्न लागते, ही गोष्ट घरातील मंडळींना कोणी समजावून सांगितलेली नसते.

याच तत्त्वावर तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने निसर्गऋण हे संयंत्र विकसित केले. त्यात स्वयंपाकघरातील व मंडईतील ओला कचरा प्रथम हवेच्या सान्निध्यात व उष्णतेत मऊ केला जातो आणि नंतर बंद टाकीत त्याचा गॅस होतो. उरलेला मळीसारखा भाग खत म्हणून उपयोगी पडतो. कचऱ्यात प्लॅस्टिक, काच किंवा नारळाच्या करवंट्या मिसळल्या की मात्र हे संयंत्र चालत नाही. म्हणजेच कचरा घरीच वेगळा करणे ही येथील पहिली पायरी आहे.

पिंपरीच्या मातीतील औषध

मातीतील सूक्ष्मजीव एकमेकांशी स्पर्धा करताना काही मारक द्रव्ये तयार करतात. प्रतिजैविक औषधांचा उगम या द्रव्यांत आहे. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचे साहाय्य त्यास लाभले होते. पेनिसिलीन तयार करणारी बुरशी तेथे मोठमोठ्या टाक्यांत वाढविण्यात येऊ लागली. हाफकिन यांच्या चंबूच्या जागी हजारो लिटरची टाकी आली, तुपाच्या थेंबाच्या जागी साखरयुक्त पोषक द्रव आणि निर्जंतुक हवेचा झोत आला. तत्त्व मात्र तेच राहिले.

याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत हॅमायसीन या बुरशीनाशक औषधाचा शोध लागला. ते ज्या सूक्ष्मजीवापासून मिळाले त्यास पिंपरी गावावरून स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना असे नाव देण्यात आले. महाराष्ट्रातील एका गावाचे नाव शास्त्रीय नामावलीत गेले ते असे. पायाखालच्या मातीत कोणते धन दडलेले आहे याची कल्पना शाळेतील विद्यार्थ्यांना देण्यास याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

बिघडलेल्या जमिनीची शुद्धी

आता सूक्ष्मजीवांच्या दुसऱ्या कार्याकडे वळू. डिझेल, भट्टीचे तेल, वंगण इत्यादी खनिज तेले मातीत मुरली की तेथे पीक येत नाही आणि हळूहळू विहिरीचे पाणी बिघडते. ही तेलेही मुळात कर्बयुक्त पदार्थच आहेत आणि काही जिवाणू ती अन्न म्हणून वापरू शकतात. अशा जिवाणूंना पुरेसा प्राणवायू, ओलावा, नत्र व स्फुरद मिळाल्यास ते तेलाचे विघटन करतात आणि अखेरीस कर्बवायू व पाणी उरते. तेलात कर्ब भरपूर असतो. पण नत्र व स्फुरद जवळजवळ नसतात. नुसत्या भातावर माणूस धडधाकट राहत नाही, तसेच नुसत्या तेलावर जिवाणू वाढत नाहीत. म्हणून दूषित मातीत थोडे खत मिसळावे लागते, ती वरचेवर खालीवर करून मोकळी करावी लागते आणि ओलावा टिकवावा लागतो. एवढे केले की पुष्कळदा त्या मातीतले मूळचेच जिवाणू काम करू लागतात.

अमेरिकेत कार्य करणारे भारतीय शास्त्रज्ञ आनंद मोहन चक्रवर्ती यांनी खनिज तेलातील अनेक घटकांचे विघटन करणारा जिवाणू तयार केला आणि १९८० मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्यास एकस्व देता येते असा निर्णय दिला. हा निर्णय जगभर गाजला. तथापि १९८९ मध्ये अलास्काच्या किनाऱ्यावर तेलवाहू जहाज फुटले तेव्हा विशेष उपयोग झाला तो किनाऱ्यावर खत शिंपडून तेथल्याच जिवाणूंना बळ देण्याचा. आपल्या देशात दिल्लीच्या टेरी या संस्थेने तेलभक्षक जिवाणूंचे मिश्रण विकसित केले आहे. मक्याच्या कणसाच्या भुग्यात ते बसविले जाते आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांतील तेलकट गाळ स्वच्छ करण्यासाठी वापरले जाते.

प्राणवायूचे महत्त्व किती आहे हे मुंबईच्या किनाऱ्यानेही पाहिले आहे. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर एमएससी चित्रा व खलिजिया या दोन जहाजांची टक्कर होऊन शेकडो टन तेल समुद्रात सांडले आणि रायगड जिल्ह्यातील खारफुटीपर्यंत पोहोचले. उघड्या वाळूतील तेल लाटा, वारा व जिवाणू यांच्यामुळे कमी होत जाते. खारफुटीच्या चिखलात थोड्याच खोलीवर प्राणवायू नसतो. तेथे मुरलेले तेल दीर्घकाळ टिकते. म्हणून तेल चिखलात शिरण्यापूर्वीच ते अडविणे व उचलणे हा पहिला उपाय असतो. जिवाणू हे उरलेल्या तेलासाठी असतात.

खाणीमुळे उजाड झालेल्या जमिनीचे महाराष्ट्रातील उदाहरण नागपूर जिल्ह्यात आहे. तेथील गुमगाव या मँगनीज खाणीतून निघालेल्या मातीदगडाच्या ढिगाऱ्यांवर गवतही उगवत नव्हते. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे नीरीने, तेथे साखर कारखान्यातील मळीचे खत घातले आणि रोपांच्या मुळांशी रायझोबियम, ॲझोटोबॅक्टर हे नत्र देणारे जिवाणू व मुळांना स्फुरद पुरविणारी बुरशी यांची संवर्धने दिली. त्या ढिगाऱ्यांवर झाडे वाढू लागली. ऊस पिकविणाऱ्या जिल्ह्यांतील टाकाऊ पदार्थ, मातीतील सूक्ष्मजीव आणि स्थानिक वृक्ष यांची सांगड घातल्यास काय साधते, ते येथे दिसून आले.

जिवाणूंच्या शक्तीची सीमा

जिवाणूंच्या शक्तीलाही सीमा आहे, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. तेल आणि अनेक सेंद्रिय रसायने यांचे विघटन होऊ शकते. शिसे, पारा, कॅडमियम, क्रोमियम या धातूंचे विघटन होत नाही; धातू नष्ट होतच नाहीत. काही जिवाणू विषारी क्रोमियमचे कमी विषारी रूपात परिवर्तन करू शकतात, काही वनस्पती धातू शोषून घेतात; परंतु धातू कोठे ना कोठे उरतोच. काही कीटकनाशके व काही रंगद्रव्ये अतिशय सावकाश विघटित होतात, तर काहींच्या अर्धवट विघटनातून मूळ पदार्थापेक्षा अपायकारक द्रव्य तयार होते. म्हणून अमुक पूड टाकली की कोणतीही जमीन शुद्ध होते, असा दावा कोणी केला तर त्यावर विसंबून सार्वजनिक पैसा खर्च करू नये.

या दृष्टीने परळ-लालबागचा गिरणगाव विचारात घेण्यासारखा आहे. मुंबईत पन्नासहून अधिक कापड गिरण्या होत्या. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर त्यांपैकी बहुसंख्य हळूहळू बंद पडल्या आणि त्या जमिनींवर आता निवासी व व्यापारी इमारती उभ्या आहेत. जेथे रंगशाळा, विरंजनशाळा, तेलाच्या टाक्या, बाष्पकेंद्रे अथवा यंत्रदुरुस्तीची कर्मशाळा पुष्कळ वर्षे चालली, अशा कोणत्याही जमिनीवर घरे, शाळा किंवा उद्यान उभारण्यापूर्वी मातीची व भूजलाची तपासणी करणे हे शास्त्रीय दृष्ट्या अगत्याचे असते. लहान मुले मातीत खेळतात, माती त्यांच्या पोटात जाते; धोका प्रथम त्यांनाच असतो. हाच विचार जिल्ह्याजिल्ह्यांतील बंद पडलेल्या कारखान्यांच्या, जुन्या पेट्रोल पंपांच्या, एस. टी. आगारांच्या व कचरा डेपोंच्या जागांना लागू पडतो.

या प्रश्नास आता कायद्याचे अधिष्ठानही लाभले आहे. केंद्र शासनाने जुलै २०२५ मध्ये पर्यावरण संरक्षण अधिनियमाखाली दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. संशयित दूषित स्थळांची माहिती जिल्हा प्रशासनाने ठराविक मुदतीने सादर करावी, त्यांची तपासणी व्हावी आणि दूषितता सिद्ध झाल्यास जबाबदार व्यक्तीकडून शुद्धीकरणाचा खर्च वसूल करावा, अशी या नियमांची दिशा आहे. गावातील कोणत्या जागेवर पूर्वी काय होते, हे तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक आणि वृद्ध ग्रामस्थ यांच्याइतके कोणासच ठाऊक नसते. त्यांच्या स्मरणातील माहिती वेळीच नोंदली गेली तर तपासणीचे निम्मे काम सोपे होईल.

पंचायतींनी काय करावे?

पहिली गोष्ट, कोणत्याही जिवाणू उत्पादनाची खरेदी करताना वेष्टणावर सूक्ष्मजीवाचे नाव, उत्पादनाची तारीख, वापराची अंतिम तारीख व गट क्रमांक आहे की नाही हे पाहावे आणि त्याची नोंद ठेवावी. मुल्कोवालच्या प्रकरणात बाटलीच्या क्रमांकाने केलेले काम येथे आठवावे.

दुसरी गोष्ट, जिवाणू संवर्धने जिवंत असतात हे शेतकऱ्यांना समजावून द्यावे. रायझोबियमचे २५० ग्रॅमचे पाकीट सुमारे १० किलो बियाण्यास पुरते. ते उन्हात किंवा पत्र्याच्या तापलेल्या गोदामात ठेवू नये. रासायनिक बुरशीनाशकात मिसळू नये. गुळाच्या थंड पाण्यात कालवून बियाण्यास हलक्या हाताने चोळावे, सावलीत सुकवावे आणि लगेच पेरावे. दुकानात उन्हात पडलेले पाकीट वापरल्यास गुण येत नाही आणि शेतकऱ्याचा विश्वास मात्र उडतो.

तिसरी गोष्ट, तुलना केल्यावाचून निष्कर्ष काढू नये. शेताचा एक पट्टा संवर्धन न लावता ठेवावा. दूषित जमिनीचा एक लहान भाग प्रक्रिया न करता राखावा. दोहोंतील फरक मोजावा. भायखळ्याच्या तुरुंगात जे तत्त्व वापरले गेले तेच येथेही उपयोगी पडते.

चौथी गोष्ट, जमीन शुद्धीकरणाचे काम हाती घेण्यापूर्वी मातीत नेमके काय आहे याचा प्रयोगशाळेकडून अहवाल घ्यावा. तेल असेल तर जिवाणूंचा विचार करावा. धातू असतील तर तज्ज्ञांचा सल्ला घेतल्याशिवाय ती माती हलवूही नये. काम संपल्यावर पुन्हा तपासणी करावी आणि दोन्ही अहवाल ग्रामसभेपुढे ठेवावेत.

पाचवी गोष्ट शिक्षकांसाठी आहे. एकाच दुधाचे दोन पेल्यांत विरजण लावून एक उबेला व एक थंड जागी ठेवणे, किंवा ओला कचरा दोन मडक्यांत भरून एक मडके वरचेवर हलविणे व दुसरे तसेच ठेवणे, असे साधे प्रयोग वर्गात करता येतात. उष्णता व प्राणवायू यांचे महत्त्व मुलांना त्यातून पाठांतरावाचून कळते. मडक्याला हात लावल्यानंतर साबणाने हात धुण्याचा नियमही त्याच वेळी शिकविता येतो.

सूक्ष्मजीव वेतन मागत नाहीत, संप करीत नाहीत आणि रात्रंदिवस राबतात. परंतु त्यांना पाहिजे ते अन्न, ऊब व स्वच्छता न मिळाल्यास ते काम थांबवितात आणि त्यांच्या जागी नको असलेले जीव शिरतात. परळच्या प्रयोगशाळेने, माटुंग्याच्या आश्रमाने आणि गुमगावच्या ढिगाऱ्यांनी हेच वेगवेगळ्या प्रकारे दाखवून दिले आहे. तंत्र कितीही नवे असले तरी ते यशस्वी होते ते स्वच्छ हातांमुळे, चोख नोंदींमुळे आणि वेळच्या वेळी केलेल्या तपासणीमुळे. या तीन गोष्टींना मोठा निधी लागत नाही. त्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या, प्रत्येक शाळेच्या आणि प्रत्येक कार्यालयाच्या आवाक्यातील आहेत.